अर्जाचा भार कोणाच्या खांद्यावर?

(ई-शासन आणि ऑनलाइन लोकसेवा यांविषयीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या, हिंगोली येथे ग्रामविकासाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘ई-शासन व ऑनलाइन लोकसेवा : संशोधनाची दिशा’ असा भारदस्त विषय संयोजकांनी मला दिला आहे. हिंगोलीत बसून अशा विषयाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो गैर म्हणता येणार नाही. संशोधन म्हटले की पुणे-मुंबई, फार तर बंगळुरू डोळ्यांसमोर येते. परंतु एक योगायोग पाहा. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि माहिती तंत्रज्ञान कायदा संसदेने संमत केला तो २००० साली. हा जिल्हा आणि या देशातील ई-शासन ही जवळपास एकाच वयाची भावंडे आहेत. ई-शासनाचे गेल्या पंचवीस वर्षांत काय झाले, याचा हिशेब येथे मांडायचा नाही तर कोठे मांडायचा?

दुसरीही एक तुलना करतो. बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा एक चिमुकला देश आहे. त्याची लोकसंख्या साधारण तेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. सोव्हिएत संघराज्याच्या जोखडातून १९९१ साली मुक्त झालेल्या या देशाने २००१ साली ‘एक्स-रोड’ नावाची एक व्यवस्था उभी केली. सरकारच्या निरनिराळ्या खात्यांची दप्तरे तिने एकमेकांशी जोडली. या व्यवस्थेमागचे सूत्र साधे आहे. नागरिकाने एखादी माहिती एका खात्याला एकदा दिली, की तीच माहिती दुसऱ्या खात्याने त्याच्याकडे पुन्हा मागायची नाही. आवश्यकता पडल्यास खात्यांनी ती आपापसांत घ्यावी. एस्टोनिया सार्वभौम राष्ट्र आहे, तेथील साक्षरता, तेथील साधनसामग्री वेगळी आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून तुलना लोकसंख्येपुरती आणि या सूत्रापुरतीच ठेवतो.

आता आपल्या सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील शेतकऱ्याचे उदाहरण घ्या. कोणत्याही योजनेसाठी तो काय घेऊन जातो? सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला. यातील पासबुक सोडले तर प्रत्येक कागद शासनाच्याच एका यंत्रणेने दिलेला आहे. म्हणजे एका खिडकीवर मिळालेला कागद दुसऱ्या खिडकीवर पोहोचविण्याचे काम नागरिक करीत असतो, आणि त्यासाठी त्याचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, एस.टी.चे भाडे जाते, छायाप्रतींचे पैसे जातात. संगणक आला, संकेतस्थळे आली, भ्रमणध्वनी आला. तरी हे पोहोचविण्याचे काम मात्र पुष्कळसे शेतकऱ्याकडेच राहिले. पूर्वी तो कागद घेऊन जात असे, आता त्याच कागदाचे छायाचित्र संकेतस्थळावर चढवितो.

माझ्या समजुतीप्रमाणे ई-शासनाविषयीच्या जगभरच्या संशोधनाचा ओघ आज याच प्रश्नाकडे येऊन ठेपला आहे. पण तेथवर तो कसा आला, हे समजून घेणे आवश्यक आहे.

उत्साहाचे पर्व

प्रारंभीचे संशोधन उत्साहाचे होते. २००१ साली लेन आणि ली या अभ्यासकांनी ई-शासनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. आधी माहिती संकेतस्थळावर ठेवायची, मग तेथेच व्यवहार सुरू करायचे, मग खालच्या-वरच्या कार्यालयांची जोडणी करायची आणि शेवटी सर्व खात्यांची. पायरीमागून पायरी चढत गेले की मुक्काम येणारच, असा त्यात गृहीत विश्वास होता. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, रिचर्ड हीक्स या मँचेस्टरच्या अभ्यासकाने विकसनशील देशांतील प्रकल्पांचा अंदाज मांडला. त्यानुसार सुमारे ३५ टक्के प्रकल्प पूर्णतः अपयशी, ५० टक्के अंशतः अपयशी आणि यशस्वी केवळ १५ टक्के! कारण कोणते? तर संकल्पक ज्या वास्तवाची कल्पना करून प्रणाली रचतो ते वास्तव आणि प्रत्यक्ष गावातील वास्तव यांत अंतर असते. ते अंतर जितके मोठे तितके अपयश निश्चित.

याचा नमुना आपल्याच महाराष्ट्रात पाहावयास मिळाला. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभ्या केलेल्या वारणा परिसरात १९९८ साली संगणकांनी जोडलेल्या गावांचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचा गाजावाजा झाला. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी गावागावांत जाऊन पाहिले, तेव्हा असे आढळले की संगणकांचा उपयोग प्रामुख्याने ऊस कारखान्याच्या कामापुरताच होतो आहे. ऊस किती गेला, खताची नोंद काय, ही माहिती शेतकऱ्याला हवी होती. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाद्वारे तीच माहिती देऊन पाहिली. ती स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक आवडली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवे यंत्र आणण्यापेक्षा माणसाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूचा उपयोग करावा, हा धडा वारणेने दिला. तो किती जणांनी घेतला, हा प्रश्न वेगळा!

शेजारच्या कर्नाटकात २००१ च्या सुमारास ‘भूमी’ प्रकल्प पूर्णत्वास गेला. जमिनीच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकात आल्या, तालुक्याच्या ठिकाणी १५ रुपयांत उतारा मिळू लागला, गावच्या लेखापालाच्या दारी खेटे घालणे थांबले. अहमदाबादच्या सुभाष भटनागर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लाच आणि विलंब दोन्ही घटल्याचे दाखविले, आणि ते खरेच होते. मात्र २००७ मध्ये सोलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या परिसराचा अभ्यास करून दुसरी बाजू मांडली. नोंदी गावातून तालुक्याला केंद्रित झाल्याने जमिनीच्या मोठ्या खरेदीदारांचे काम सोपे झाले आणि लहान शेतकऱ्याला चूक दुरुस्त करून घेणे मात्र अधिक महाग पडू लागले, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी सत्य असू शकतात. उतारा मिळणे सोपे झाले, तो दुरुस्त होणे अवघड झाले.

दप्तराखालचे दप्तर

हे मराठवाड्याला अधिकच लागू पडते. आपल्याकडे संगणकात जे भरले गेले ते कोठून आले? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. महसुलाचे दप्तर उर्दूत, त्याआधीचे फारसीत, काही मोडीत. सेतवार, पाहणी पत्रक, खासरा पत्रक हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील वकिलाला ते समजावून सांगावे लागतात. या सर्व थरांवर पुढे सातबारा आला आणि त्या सातबाऱ्यावर संगणक बसला. खालचा थर वाकडा असेल तर वरचा सरळ कसा येईल?

राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. त्यांचे संगणकीकरण करताना नावात चूक, क्षेत्रात चूक, वारसाची नोंद राहिलेली, पोटखराबा मिळविताना गफलत, असे असंख्य प्रकार घडले. २०१७ मध्ये शासनाने गावोगावी ‘चावडी वाचन’ केले. संगणकातील उतारे चावडीवर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचा आक्षेप असेल त्याने तेथेच सांगायचे, अशी ती पद्धत होती. मला हा उपक्रम अत्यंत मोलाचा वाटतो. गावाच्या स्मरणशक्तीला प्रमाण मानून संगणकाची तपासणी करण्यात आली, हे ई-शासनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात जावे असे उदाहरण आहे. ज्या गावांत ते मनापासून झाले तेथे चुका सापडल्या; जेथे कागदोपत्री उरकले गेले तेथे त्या तशाच राहिल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. पण चूक असलेला सातबाराही तितक्याच सुबकपणे, तितक्याच वैध स्वाक्षरीसह मिळतो! लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे जावे लागते. उतारा क्षणात मिळतो आणि दुरुस्तीसाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हा फरक संशोधकांनी अद्याप पुरेसा मोजलेला नाही.

दप्तराखालच्या दप्तराचे महत्त्व अलीकडे साऱ्या राज्याला कळले ते निराळ्याच निमित्ताने. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी, उर्दू, फारसी जाणणारी माणसे शोधावी लागली, जीर्ण पाने प्रतिमांकित करून संकेतस्थळांवर ठेवावी लागली. आरक्षणाच्या प्रश्नात मी येथे शिरत नाही, तो आजचा विषय नाही. परंतु ज्या कपाटांकडे कित्येक वर्षे कोणी ढुंकून पाहिले नव्हते त्यांतील एका ओळीवर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असू शकते, हे त्यातून सर्वांनी पाहिले. आपल्या जिल्ह्यात मोडी आणि उर्दू दप्तर वाचू शकणारे तरुण किती आहेत? माझ्या दृष्टीने हा प्रश्नही ई-शासनाचाच आहे.

एकच कर्जमाफी, दोन पद्धती

आता ज्या उदाहरणासाठी मी विशेष वेळ राखून ठेवला आहे त्याकडे येतो. एकाच राज्याने, अवघ्या अडीच वर्षांच्या अंतराने, एकच काम दोन परस्परविरुद्ध पद्धतींनी केले, असा योग संशोधनात क्वचित येतो. तो महाराष्ट्रात आला.

२४ जून २०१७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ, एकूण ३४ हजार २२ कोटी रुपये, लाभार्थी ८९ लाख असे सांगण्यात आले. शेतकऱ्याने ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर पत्नीसह ऑनलाइन अर्ज करावा, आधार क्रमांक द्यावा, अंगठ्याचा ठसा द्यावा, अशी अट होती. या अटीमागचा हेतू वाईट होता, असे मी मुळीच म्हणणार नाही. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीची तपासणी महालेखापरीक्षकांनी केली तेव्हा तपासलेल्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत चुका आढळल्या होत्या. अपात्रांना लाभ मिळाला होता, पात्र वगळले गेले होते. ती पुनरावृत्ती टाळावी, पैसा बँकांच्या नव्हे तर शेतकऱ्यांच्या हिताचा व्हावा, ही भूमिका योग्यच होती.

परंतु घडले काय? ऐन पावसाळ्यात, खरिपाच्या धामधुमीत, शेतकरी पत्नीला घेऊन केंद्रांसमोर रांगेत उभा राहिला. सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री अर्ज भरले गेले. मुदत १५ सप्टेंबरवरून २२ सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. १८ ऑक्टोबर रोजी, दिवाळीत, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे दिली गेली आणि त्यानंतर याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती अशा विसंगती उघडकीस आल्याने याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. अर्जातील माहिती आणि बँकेकडील माहिती यांचा मेळ बसेना. आणि मूळ प्रश्न असा की कर्ज किती, थकीत केव्हापासून, खाते कोणाचे, ही सगळी माहिती बँकेच्या संगणकात आधीपासून होतीच! शेतकऱ्याने ती आपल्या हाताने, केंद्रचालकाच्या मदतीने, चुका करीत, पुन्हा भरली.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. सरकार वेगळे होते, पक्ष वेगळे होते. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज घेतलाच नाही. बँकांनी थकीत खात्यांची माहिती संकेतस्थळावर भरायची, शासनाने ती तपासून याद्या गावात लावायच्या, यादीत प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक द्यायचा आणि शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचे. तेथे त्याला रक्कम दिसते. ती मान्य असेल तर ठसा, अमान्य असेल तर तक्रार, आणि ती जिल्हा समितीपुढे. फेब्रुवारी २०२० अखेर याद्या लागू लागल्या. मार्चमध्ये महामारीची टाळेबंदी आली आणि ठसे घेण्याचे काम अडले, तरीही पद्धतीचा पाया टिकला.

ही योजना निर्दोष होती असे नाही. नियमित फेड करणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम मिळण्यास पुढे बराच विलंब झाला आणि ती नाराजी सार्थ होती. मी केवळ पद्धतीविषयी बोलतो आहे. पहिल्या वेळी पात्रता सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर होता, दुसऱ्या वेळी तो बँकेवर आणि शासनावर होता. शेतकऱ्याकडे उरले ते केवळ होकार देणे किंवा हरकत घेणे. पहिल्या प्रयत्नात मिळालेल्या अनुभवाचा दुसऱ्याला लाभ झाला, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. आपल्या विचाराच्या माणसांनी चांगल्या पद्धतीला चांगले म्हणताना ती कोणाच्या कारकीर्दीत आली हे पाहू नये.

ठसा उमटला नाही तर

या भाराला शास्त्रीय नाव मिळाले आहे. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहन या अमेरिकी अभ्यासकांनी २०१८ साली ‘प्रशासकीय ओझे’ या कल्पनेवर ग्रंथ लिहिला. योजना आहे हे कळण्याचा खर्च, कागद जमविण्याचा खर्च आणि मनाला होणारा क्लेश, असे त्याचे तीन भाग ते करतात. तिसरा भाग आपल्याला शिकविण्याची आवश्यकता नाही. ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकून परतणाऱ्या वृद्धाचा चेहरा आपण सर्वांनी पाहिला आहे.

भारतात या विषयावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत अत्यंत उत्तम काम झाले आहे. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात १५७ मंडलांमध्ये स्मार्टकार्डद्वारे रोजगार हमीची मजुरी व निवृत्तिवेतन देण्याचा प्रयोग मोजला. पैसे लवकर मिळू लागले, गळती घटली आणि लाभार्थ्यांनी जुन्यापेक्षा नव्या पद्धतीला पसंती दिली. पुढे याच अभ्यासकांनी झारखंडमध्ये रेशन दुकानांवरील आधार पडताळणी मोजली. तेथे गळती उल्लेखनीय घटली नाही, मात्र ज्यांचे आधार शिधापत्रिकेला जोडलेले नव्हते अशा कुटुंबांना मिळणारे धान्य सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाले. तंत्रज्ञान साधारण सारखेच, परिणाम उलटे! आंध्रात ज्यांच्याकडे कार्ड नव्हते त्यांना जुन्या मार्गाने पैसे मिळण्याची मुभा होती आणि भर लोकांना सोयीचे कसे पडेल यावर होता. झारखंडमध्ये भर काटकसरीवर होता आणि पर्यायी मार्ग अरुंद होता.

आपल्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी, हिंगोली या भागांत हळद मोठ्या प्रमाणावर होते. हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. कळमनुरी आणि औंढ्याच्या डोंगराळ भागांतील आमच्या आंध समाजाच्या वस्त्यांत जाळ्याची स्थिती काय आहे ती आपण जाणता. ठसा न उमटल्यास दुकानदाराने काय करायचे, याचा लेखी पर्याय असतो. तो दुकानदाराला माहीत आहे का आणि तो वापरतो का, इतके जरी आपण पाहिले तरी झारखंड आणि आंध्र यांपैकी आपण कोठे आहोत ते कळेल.

बिहारचा आणखी एक अभ्यास सांगतो, कारण त्यात नागरिकाला काहीच करावे लागले नाही. रोजगार हमीचा पैसा खर्च होण्याआधी वरून टप्प्याटप्प्याने सोडण्याऐवजी, गावाने मजुरांची नावे संगणकात भरली की तेवढाच निधी मिळावा, असा बदल १२ जिल्ह्यांत केला गेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आदींनी तो मोजला. खर्च २४ टक्क्यांनी घटला आणि लोकांना मिळालेल्या कामात मात्र घट दिसली नाही. कार्यालयाच्या आतला प्रवाह बदलला की भ्रष्टाचारावर परिणाम होतो. त्यासाठी म्हातारीला अंगठा देण्यास सात मैल चालविण्याची गरज नसते.

मध्यस्थ गेला कोठे?

मध्यस्थ संपतील, हे ई-शासनाचे जुने आश्वासन. ते संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. राष्ट्रीय ई-शासन योजना १८ मे २००६ रोजी मंजूर झाली आणि गावोगावी सेवा केंद्रांचे जाळे विणले गेले. ही केंद्रे चालविणारे आपल्याच गावांतील तरुण आहेत. अत्यल्प मोबदल्यात ते मोठे काम करतात. पण व्यवस्था त्यांना अर्जांच्या संख्येवर पैसे देते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. केंद्रचालकाला विमा कंपनीकडून प्रतिअर्ज ४० रुपये मिळत. तरीही अनेक ठिकाणी शेतकऱ्यांकडून जादा पैसे घेतले गेले आणि पुढे शासकीय जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवरही विमा उतरविल्याचे प्रकार उघड झाले. ती योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. अर्ज मोजून पैसे दिले की अर्ज वाढतात, सेवा वाढतेच असे नाही.

ई-पीक पाहणीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून नोंदवावे, ही कल्पना मुळात उत्तम आहे. पूर्वी चावडीत बसून होणारी पाहणी बंद व्हावी, हे कोणाला नको आहे? परंतु ज्याच्याकडे साधा भ्रमणध्वनी, त्याने काय करावे? २०२४ मध्ये कापूस-सोयाबीन उत्पादकांच्या अर्थसाहाय्यासाठी ई-पीक पाहणीची अट शिथिल करावी लागली, आणि आता नोंद राहिलेल्या क्षेत्रासाठी गावपातळीवर सहायक नेमले जातात. सहायक नेमणे हा पराभव नव्हे. देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३३ टक्के होते, पुरुषांचे ५७ टक्के. हे अंतर मिटेपर्यंत माणूस हवाच, आणि तो शासनाने पगार देऊन नेमलेला असावा.

२०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. एस्टोनियाच्या सूत्राकडे जाणारी ही वाट आहे. जमीन, पीक, खाते एका क्रमांकाशी जोडले गेले तर कागदांची ने-आण थांबू शकेल. मात्र बटाईने कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली विधवा या क्रमांकात बसत नाहीत, हे आजच ध्यानात घेतलेले बरे.

शासनाची भाषा

एक उपविषय येथे टाळता येत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तो शोभेसाठी नव्हे. राज्यकारभार ज्या भाषेत चालतो ती प्रजेला परकी असू नये, ही त्यामागची दृष्टी. निजामाच्या काळी मराठवाड्यातील कुणब्याला आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी हक्काने आली. आज संकेतस्थळांवर मराठीचे बटण असते. ते दाबल्यावर शीर्षके मराठी होतात आणि चूक झाली की येणारा संदेश इंग्रजीतच येतो. ज्या क्षणी माणूस अडतो नेमका त्या क्षणी भाषा त्याला सोडून जाते. अनेक ठिकाणी मराठी आहे, पण ती यंत्राने केलेली, अर्थ न लागणारी. भाषांतरासाठी २०२२ पासून ‘भाषिणी’ची व्यवस्था उभी राहिली आहे आणि भ्रमणध्वनीवरील संभाषणातून ‘आपले सरकार’च्या सेवा देण्याचा करार २०२५ मध्ये राज्य शासनाने केला आहे. वारणेच्या धड्याशी तो जुळणारा आहे. त्यातून येणारे मराठी नर्सी नामदेवच्या शेतकऱ्याला समजते का, हे मुंबईत बसून तपासता येणार नाही.

आणि सर्वांत नवा प्रवाह म्हणजे यंत्राने निर्णय घेण्याचा. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधणाऱ्या यंत्रणेने हजारो निरपराध कुटुंबांना कर्जबाजारी केले आणि जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात संगणकाने चुकीच्या पद्धतीने वसुली काढल्याबद्दल २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा कठोर अहवाल आला. आपल्या शेजारी तेलंगणात शिधापत्रिका मोठ्या संख्येने रद्द झाल्या होत्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्यास सांगितले. संगणकाने नाव वगळायचे आणि ‘मी जिवंत आहे, गरीब आहे’ हे माणसाने सिद्ध करायचे, हा उलटा न्याय कोठेही चालू देता कामा नये.

आपण काय मोजावे

तेलंगणाचाच एक चांगला प्रयोगही सांगतो. २०१८ मध्ये रयतू बंधू योजनेचे धनादेश वाटताना अधिकाऱ्यांना आधीच कळविले गेले की काही भागांत शेतकऱ्यांना थेट दूरध्वनी करून ‘धनादेश मिळाला का, केव्हा मिळाला’ असे विचारले जाईल. एवढ्यानेच त्या भागांत वाटप सुधारले, आणि खर्च नगण्य आला. निजामाच्या एकाच राज्यातून फुटून निघालेले आपण दोघे प्रांत. हा प्रयोग हिंगोलीत करण्यास कोणत्या अनुदानाची प्रतीक्षा करायची?

पाच तालुक्यांतील प्रत्येकी दोन गावे घ्या. प्रत्येक गावात वीस घरे, त्यांत निम्मी घरे भूमिहीनांची, एकट्या स्त्रियांची, वृद्धांची असावीत. विचारायचे इतकेच : गेल्या वर्षात कोणत्या कामासाठी किती फेऱ्या झाल्या, हातचे किती पैसे गेले, कोणता कागद एकाहून अधिक वेळा द्यावा लागला आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी मिळाले का. दर सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जायचे. आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यायचे, वृत्तपत्रांना नंतर. बहुतेक अधिकाऱ्यांना आपल्या प्रणालीचे शेवटचे टोक दिसत नाही. ते त्यांना दाखविणारा हवा असतो.

अर्ज अडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आपल्या हाती आहे, हेही घरोघरी सांगा. अधिसूचित सेवेचा अर्ज दिल्यावर क्रमांकासह पोच मिळाली पाहिजे. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, तेथे समाधान न झाल्यास दुसरे, आणि त्यानंतर आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र पोच नसेल तर अपीलही करता येत नाही. म्हणून सर्वेक्षणाच्या कागदावर पाचवा प्रश्न लिहून घ्या : पोच मिळाली होती का, आणि ती घरात कोठे ठेवली आहे?